बंद घराची उघडझाप

एकतीस वर्षं मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा सहाय्यक होतो. म्हणजे खऱ्या माणसाच्या खऱ्या सांगाड्याची धूळ मी एकतीस वर्षं पुसली आहे आणि त्याचा निखळलेला जबडा तारेनं बसवून दिला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला मला भित्रा म्हणायचा मोह होईल. शिवाय आमच्या घरात भूत, अंगारा, उतारा यातलं काही चालत नाही. आजोबांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली, त्याच दिवशी हे सगळं सामान घराबाहेर गेलं. तेव्हा मी, धम्मानंद गजभिये, भुताला भिणं तत्त्वतः शक्य नाही. प्रत्यक्षात काय काय शक्य आहे, ते मला प्रतापनगरात मंगळवारी दुपारी एक वाजता कळलं.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत मी घरात नकोसा झालो. मेघा, म्हणजे माझी बायको, मी ज्या खोलीत बसेन ती खोली झाडायला घ्यायची. त्याच सुमारास नवउद्योजकांसाठी एक मोफत शिबिर झालं. गळ्यात टाय बांधलेला पंचविशीतला एक मुलगा व्यासपीठावर येरझाऱ्या घालत म्हणाला, "स्टार्टअपला भांडवल लागत नाही, चिकाटी लागते. जो हजार दिवस टिकला तो जिंकला." मी वहीत लिहून घेतलं. टिकणं हा माझा विषयच होता. चार प्राचार्य बदलले, मी टिकलो, सांगाडाही टिकला.

कल्पना माझ्याकडे होतीच. आपल्याकडे घर बांधायचं आईबापांनी आणि मुलांनी जायचं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. मागे कुलूप. अशी घरं आठवड्यातून एकदा उघडायची, खिडक्या उघडायच्या, नळ वाहू द्यायचे, झाडांना पाणी घालायचं, फोटो काढून मालकाला पाठवायचे आणि पुन्हा बंद करायची. नाव मीच ठेवलं, 'उघडझाप सर्व्हिसेस'. घोषवाक्य: 'तुम्ही तिकडे, आम्ही इकडे.'

शेजारचे भैयाजी, ज्यांचं सीताबर्डीला पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, ते व्हिजिटिंग कार्ड उलटसुलट पाहून म्हणाले, "नाव आय-स्पेशालिस्टचं वाटून राहिलं गा. अन् बंद घरात जाणं बरं नाही. घर बंद राह्यलं का त्याले सवय होते."

"कशाची?"

"एकटं राहाची."

हे वाक्य त्यांनी विडा लावता लावता सहज टाकलं. मला मात्र ते चिकटून राहिलं.

सरकारी नोंदणीच्या फॉर्मवर व्यवसायाचा प्रकार निवडायचा होता. यादीत म्हशीच्या शिंगांच्या वस्तूंपासून पतंगाच्या मांजापर्यंत सगळं होतं; दुसऱ्याचं घर उघडून पुन्हा लावणं तेवढं नव्हतं. फॉर्म भरून देणाऱ्यानं बराच वेळ संगणकाचा उंदीर खालीवर फिरवला आणि 'कीटकनाशक फवारणी व तत्सम' यात मला बसवलं. त्याचा परिणाम म्हणून पुढचे दोन महिने लोक मला ढेकणांसाठी फोन करत होते. मग चारित्र्य-पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मालक घरी नसतानी तुम्ही आत जाणार?"

"हो."

"आन् घरात काय काय आहे त्याचे फोटो काढणार?"

"हो."

"आन् हे तुम्ही सोताहून आमाले सांगाले आले?" त्यांनी आतल्या साहेबांना हाक मारली. "साहेब, या बरं बाहेर. असा पहिल्यांदाच आला."

पडताळणी झाली, पण माझ्या चारित्र्याकडे तीन तास इतक्या बारकाईनं कोणी आजवर पाहिलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत चार घरं मिळाली. नाताळपर्यंत त्यातली तीन गेली. एका घराची खिडकी मी हवा खेळावी म्हणून आठवडाभर उघडी ठेवली, तर देवघराच्या वरच्या फळीवर पारव्यांनी संसार मांडला. दुसऱ्या घरात नळ उघडला, पाणी नव्हतं, मी नळ तसाच ठेवून निघालो. पाणी संध्याकाळी आलं आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या दिवाणावर उतरलं. तिसऱ्या घरातल्या झाडांना मी सात आठवडे मनापासून पाणी घातलं. झाडं टवटवीत आहेत असं दर आठवड्याला कळवलं. पुण्याच्या बाईंनी शेवटी व्हिडिओ नीट पाहून उत्तर दिलं, की झाडं प्लॅस्टिकची आहेत आणि खालचा गालिचा आता त्यांच्या कामाचा राहिला नाही.

उरलं एकच घर. प्रतापनगरातलं, दुमजली, पिवळं. मालक हर्षित ढोबळे, मुक्काम टोरांटो, कॅनडा. वडील रामाजी ढोबळे वारलेले, आई पारशिवनीला तिच्या भावाकडे राहायला गेलेली, घर दोन वर्षांपासून बंद. हा आमचा पहिला ग्राहक, जुलैपासूनचा, आणि एकमेव असा की ज्यानं कधी तक्रार केली नाही. त्यानं कधी फोनही केला नाही. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. पहिल्याच दिवशी सूचना आल्या होत्या: 'किल्ली फाटकाच्या आत तिसऱ्या कुंडीखाली. मंगळवारी बरोबर एक वाजता. त्याआधी नको. फक्त खालचा मजला. वर जाऊ नका काका, वर बाबांचं सामान आहे.'

आता मी धूळतज्ज्ञ आहे. बंद खोलीत आठवड्याला किती धूळ बसते, दोन वर्षांत किती, काचेवर कशी आणि लाकडावर कशी, हे मला बोटानं सांगता येतं. पहिल्याच मंगळवारी मी रामाजींच्या घराच्या टेबलावरून बोट फिरवलं आणि बोट स्वच्छ निघालं. खिडक्यांचे गज स्वच्छ. रामाजींच्या हार घातलेल्या फोटोची काचही स्वच्छ. दोन वर्षं बंद असलेल्या घरात धूळ नाही, म्हणजे सांगाड्याच्या अंगावर मांस असल्यासारखं झालं.

मी फोटो पाठवले. खाली लिहिलं, 'घरात कोणी नाही. सर्व ठीक.' हे आमचं ठरलेलं वाक्य होतं. मेघानं छापून घेतलेल्या पत्रकावर तेच होतं.

पुढच्या मंगळवारी स्वयंपाकघरातला माठ ओला होता. भिंतीवरचं कॅलेंडर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीवर थांबलेलं होतं. दिवाळीनंतर तिथं चालू वर्षाचं नवं आलं, आणि महिना बदलला की पान बदललेलं असायचं. मोरीतला साबण प्रत्येक वेळी आदल्या वेळेपेक्षा लहान. मी प्रत्येक गोष्टीला कारण शोधलं. माठाला दमट हवेचं दिलं. साबणाला उंदरांचं दिलं. कॅलेंडरला देण्यासारखं कारण मला सापडलं नाही, म्हणून मी त्या भिंतीकडे पाहणं सोडलं.

समोरच्या घरातले मधुकरराव उन्हाळ्यासाठी व्हरांड्याला लावलेली वाळ्याची ताटी बारा महिने तशीच ठेवून तिच्यामागे बसायचे. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी अर्धाच पाहिला. आवाज मात्र पूर्ण यायचा. रस्ता दुपारचा ओसाड, कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खाली, आणि ताटीतून आवाज, "काहो, नळ तुम्हीच सोडला होता का गुरुवारी?"

"मी गुरुवारी येत नाही."

"हाव ना. मले माहीत आहे तुम्ही येत नाही." मग आवाज जरा खाली यायचा. "रामाजी गुरुवारी डोक्यावरून न्हायचे. म्हणून म्हटलं."

फेब्रुवारीत माझ्या घोट्याला मुरगळ आली. तरी मी मंगळवार चुकवला नाही. शिबिरातल्या त्या मुलाच्या हजार दिवसांपैकी दोनशेवर भरत आले होते. लंगडत खोल्यांतून फिरलो, फोटो काढले, पाठवले. टोरांटोहून लगेच उत्तर आलं. 'धन्यवाद काका. पायाला काय झालं?'

फोटोत खिडक्या होत्या, दारं होती, मोरी होती. माझा पाय नव्हता. मी तिथंच उभ्या उभ्या पाय जवळ घेतला, जणू तो कोणीतरी धरला असावा.

घरी येऊन मेघाला दाखवलं. तिनं वेगळीच गोष्ट पाहिली. "अहो, तुम्ही फोटो पाठवता तेव्हा तिथं रात्रीचे अडीच वाजले असतात. हा पोरगा दर मंगळवारी रात्री अडीच वाजता तुमचा फोटो यायची वाट पाहत बसते?"

"तिकडची मुलं जागतात."

"अन् एका मिनिटात उत्तर देते. मले तुम्ही एका दिवसात देत नाही."

खरा प्रसंग मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारचा. दिवाणखान्यात उभं राहून मी फोटो पाठवला. 'घरात कोणी नाही. सर्व ठीक.' पाठवायचं बटण दाबलं आणि वर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, छताच्या पलीकडे, 'टुंग' असा बारीक आवाज झाला.

असे आवाज घरात होतात. लोखंड तापतं, लाकूड आकसतं. मी शास्त्राच्या बाजूचा माणूस, म्हणून प्रयोग केला. मोरीचा फोटो पाठवला. टुंग. पाच मिनिटं काहीच पाठवलं नाही, घड्याळ लावून. शांतता. मग नुसतं एक टिंब पाठवलं. टुंग. प्रयोग, निरीक्षण, अनुमान. अनुमानासाठी मी थांबलो नाही. चप्पल आतच राहिली. डांबरावरून अनवाणी स्कूटरपर्यंत गेलो, आणि मार्चमधलं नागपूरचं डांबर काय असतं हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. ताटीमागून मधुकरराव म्हणाले, "चालले का? आज लवकर झालं."

भैयाजींचा सल्ला सरळ होता. "सोडून दे गा. एकच घर आहे, तेही असं. दुकान बंद कर. मी तुले काउंटरवर बसवतो, पडदे माप." त्यांनी एक लिंबूही देऊ केलं. ते मी सरबतासाठी घेतलं, असं स्पष्ट सांगून घेतलं.

मेघा मात्र चिडली. "आपण भूतबित मानतो का?"

"नाही."

"मंग पुढच्या मंगळवारी जायचं. मी येते सोबत."

ती आली. आणि मी पाहतच राहिलो, कारण ती त्या घरात पाहुणी आल्यासारखी वावरली. माठातलं पाणी ओतून प्यायली. "भूत असन तर त्याले मोबाइल कायले लागते?" असं मोठ्यानं म्हणाली. मी तिला गप्प करत होतो. मग ती जिन्याकडे वळली, आणि मी तिचा हात धरला.

"वर जायचं नाही. ग्राहकाची लेखी सूचना आहे."

"वर माणूस आहे, अहो."

"असेल तर तो ग्राहकाचा खाजगी प्रश्न आहे. आपल्याला एकच ग्राहक आहे, मेघा."

हे मी कुजबुजत म्हणालो आणि त्यात मला तेव्हा व्यावसायिक शिस्त दिसली. शिबिरात त्या मुलानं सांगितलं होतं, ग्राहक आखेल ती रेष ओलांडू नका. खरं कारण साधं होतं: मी भ्यालो होतो.

मेघानं पिशवीतून डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. भेंडीची भाजी, चार पोळ्या, भिवापुरी मिरचीचा ठेचा. "राहू द्या इथंच," एवढंच म्हणाली.

पुढच्या मंगळवारी डबा घासून, पुसून, ओट्यावर पालथा घातलेला होता. त्या दिवशी टोरांटोहून निरोप आला, 'धन्यवाद काका. काकूंनाही सांगा.'

मी ग्राहकाला काकू असल्याचं कधी कळवलं नव्हतं.

"कॅमेरा असेल," मी मेघाला म्हणालो. "हल्ली बारीक कॅमेरे मिळतात. तो तिकडून पाहतो."

"अन् ठेचा तिकडूनच खाल्ला?"

विद्यार्थी हृदय उजव्या बाजूला शोधायला लागले की मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहायचो, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. पण डबा दर आठवड्याला जात राहिला. पूर्ण एप्रिल तसाच गेला. मी घर उघडायचो, डबा ठेवायचो, जिन्याकडे पाठ करून फोटो काढायचो, 'घरात कोणी नाही' असं लिहायचो, वर टुंग व्हायचं, मी घर बंद करायचो. माणसाला कशाचीही सवय होते. मला तर त्या टुंगचा आधार वाटायला लागला होता. पाहणी पोचल्याची पावतीच ती.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. पारा सेहेचाळीसच्या पुढे गेला. त्या मंगळवारी मी वर्धा रोडवरून एकटा चाललो होतो, रस्त्यावर माझ्याशिवाय फक्त माझी सावली, आणि तीही पायाखाली दडलेली. कुलूप रुमालानं धरून काढलं. आत गेलो तर ओट्यावर मागच्या मंगळवारचा डबा तसाच. झाकण लागलेलं. आत काय झालं होतं ते वासानंच सांगितलं.

माठ कोरडा होता.

मी फोटो पाठवला. 'घरात कोणी नाही. सर्व ठीक.' वर टुंग झालं. उत्तर आलं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, दहा. मी पुन्हा टिंब पाठवलं. टुंग. मग काहीच नाही. त्या घरात मी दहा महिने वर कोणीतरी असण्याला भ्यालो होतो. आता वरून उत्तर येत नव्हतं, याला भ्यालो.

बाहेर येऊन ओरडलो, "मधुकरराव! या बरं इकडे. वर जायचं आहे."

ताटी हलली. पहिल्यांदाच पूर्ण चेहरा दिसला. मला वाटलं होतं त्याहून खूप साधा. ते फाटकापर्यंत आले आणि तिथं थांबले. "तुम्ही व्हा पुढे. मी इथून लक्ष ठेवतो."

"कशावर?"

"सगळ्यावरच."

एकवीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण मोजण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. प्रत्येक पायरीवर उष्णता वाढत गेली, भट्टीच्या तोंडाकडे जावं तशी. वर एकच खोली, दार बंद. हाक मारली. उत्तर नाही. मी चार पावलं मागे गेलो, खांदा पुढे केला, आणि शास्त्राचं, तत्त्वाचं, आजोबांचं नाव घेऊन दारावर धावलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी त्या वेगानं खोली ओलांडून समोरच्या भिंतीला लागलो आणि जमिनीवर बसलो.

माझ्या शेजारी फरशीवर एक तिशीतला मुलगा पडलेला होता. डोळे अर्धवट उघडे, ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं आणि पार कोरडं. उशाशी सुकून कडक झालेला टॉवेल. दाराशी रिकामी बादली. खिडकीत कूलर होता, त्यावर पांघरूण घातलेलं. आणि त्याच्या हाताजवळ फोन, त्यावर माझंच नाव, माझाच निरोप: 'घरात कोणी नाही. सर्व ठीक.'

मी आयुष्यात बरीच वाक्यं लिहिली आहेत. त्याइतकं खोटं दुसरं नाही.

पुढचं भराभर झालं. मधुकरराव, ज्यांना मी भेकड समजत होतो, ते बर्फाची लादी छातीशी धरून एकवीस पायऱ्या चढून आले. "अरे, हा तर हर्षू!" म्हणाले आणि त्यांच्या हातून लादी सुटली. आम्ही दोघांनी त्याला चादरीत घालून खाली आणलं. रुग्णालयात उन्हाच्या रुग्णांचा वेगळा थंड वॉर्ड होता. तिथं नेण्याआधी नोंदणीच्या खिडकीशी एक फॉर्म माझी वाट पाहत होता.

"पेशंटचा पत्ता?"

"टोरांटो," मी सवयीनं म्हणालो. "नाही, प्रतापनगर."

"तुमचं नातं?"

"माझं त्याच्या घराशी नातं आहे."

खिडकीतल्या बाईंनी वर पाहिलं. "घरमालक?"

"घरमालक तो आहे. मी घर बंद आहे की नाही ते पाहतो."

"होतं का बंद?"

"नाही ना बाई. तेच तर झालं."

त्यांनी 'काका' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी हर्षित बोलायला लागला. मेघा पलंगाशी बसून त्याला चमच्यानं ताक पाजत होती. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हर्षितपेक्षा बराच लहान वाटला.

त्यानं बंगळुरूला मित्रांबरोबर कंपनी काढली होती. शेतकऱ्याला जवळचं शीतगृह मोबाइलवर सापडावं, असं काहीतरी. चार वर्षं चालवली. "सगळे म्हणायचे, टिकून राहा," तो म्हणाला. "मी राहिलो, काका. तिघं मित्र सोडून गेले, मी राहिलो. ऑफिसची जागा गेली, मी खोलीतून चालवली. एक दिवस लक्षात आलं की सहा महिन्यांत कोणीच आमचं अ‍ॅप उघडलं नाही. मी एकटाच रोज उघडत होतो आणि बंद करत होतो."

मी मेघाकडे पाहिलं नाही.

आईला काय सांगायचं, म्हणून त्यानं कॅनडाची नोकरी सांगितली. पारशिवनीत मामानं पेढे वाटले. मग बंगळुरूचं भाडं परवडेना. जायला जगात एकच जागा होती आणि तिला कुलूप होतं. पहाटे मागच्या दारानं जाऊन सामान आणायचं, दिवसभर वर बसून परदेशातली फुटकळ कामं करायची. कूलर लावला तर मधुकररावांना ऐकू जाईल, म्हणून लावला नाही. शेवटच्या आठवड्यात अंगात ताप भरला, जिना उतरवेना, तेव्हा वरच्या बादलीतल्या पाण्यावर राहिला.

"पण मग मला कशाला बोलावलं?" माझा आवाज थोडा चढला. दहा महिने एका माणसापासून त्याच्याच घराची राखण मी केली होती; हा अपमान नाही तर काय? "मी येणारच नसतो तर तुला कोणी धरलं नसतं."

"घर सांभाळायला माणूस ठेवला म्हटल्यावर घर रिकामं आहे हे सगळ्यांना पटतं." तो छताकडे पाहत होता. "पहिले दोन महिने तेवढंच कारण होतं. नंतर... आठवड्यातून एकदा खाली कोणीतरी चालायचं. भांडी वाजायची. तुम्ही स्वतःशी बोलता, काका, माहीत आहे का? सोमवारी मला झोप यायची नाही."

मी चष्मा पुसायला घेतला.

आईला मी कळवीन म्हणालो तर मेघानं डोळे वटारले. "त्याचा तो सांगन." त्यानं नंबर लावला, कापला. पुन्हा लावला, कापला. असं चार वेळा झालं. टिकून राहण्याबद्दल शिबिरात जे काही सांगतात, ते पाचव्या वेळेला त्याच्या अंगठ्यात मी पाहिलं. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला, बहुधा एकट्याला कानाशी धरवत नव्हता म्हणून.

"हर्षू? आज काहून अवेळी?" पलीकडून त्याच्या आईचा, देवकीबाईंचा आवाज, मागे शेळ्या ओरडत होत्या. "किती वाजले रे तिकडे?"

त्यानं वॉर्डातल्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वा चार, आई."

"पहाटचे?"

"दुपारचे."

शेळ्या थांबल्या असाव्यात. 

"आन् इथं नागपूरले किती वाजले असन मंग?" देवकीबाईंनी हळूच विचारलं.

"नागपूरलेबी सव्वा चारच वाजले, आई."

 मग बांगड्यांचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आवाज आला. "पाचची बस आहे," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमचा शेवटचा ग्राहक असा गेला. घर उघडलं, आणि उघडझापला त्यात करण्यासारखं काही राहिलं नाही. भैयाजींनी काउंटरची आठवण केली. मी विचार करतो म्हणालो. पण पुढच्या मंगळवारी सव्वाबाराला माझे पाय आपोआप स्कूटरकडे गेले.

प्रतापनगरात फाटक सताड उघडं, वरच्या खिडकीत कूलर घरघरत होता. मी दाराची घंटी वाजवली. देवकीबाईंनी दार उघडलं. उंच, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. त्यांच्या साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे मला ठाऊक होतं आणि त्या वॉर्डात पोचल्या तेव्हा मी घरी गेलेलो असल्यामुळे त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. मी कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं, मला नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच होय ते." मला वाटलं आता आभार येतील, मी चेहरा तसा तयार केला. "तुम्ही खाली, आन् पोरगं वर. दहा महिने. तुमची बायको डबा ठेवे. म्हणजे तुमाले माहीत होतं, वर कोणीतरी आहे."

"तशी शंका..."

"मंग एक आवाज नाही देता आला? जिन्यात उभं राहून? बाबू, कोण आहे गा वर, एवढंच?"

"वर जाऊ नका अशी त्याची लेखी सूचना होती," मी म्हणालो.

"पोरायनं लिहिलेलं आयकाचं असते का?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी खरोखरच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट पाहत उंबऱ्यात उभ्या होत्या. आमच्या पत्रकात सतरा नियम होते. मी ते मनातल्या मनात सगळे चाळले. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "या. ऊन लागन."

भैयाजींकडे मी गेलो नाही. पावसाळ्यानंतर दोन नवी घरं मिळाली, हिवाळ्यात आणखी एक. नव्या घरांची यादी आणि वेळापत्रक हर्षित पाहतो, मेघा त्याच्या चुका पाहते. हजार दिवस अजून लांब आहेत. घोषवाक्य तेच ठेवलं, नियम एक वाढवला.

दुपारी घर उघडलं की मी आधी खिडक्यांकडे जात नाही, नळाकडे जात नाही. घराला जिना असेल तर त्याच्या पहिल्या पायरीशी, नसेल तर मधल्या दारात उभा राहतो. बंद घराचा तो वास असतो, कुठेतरी काहीतरी बारीक करकरतं. भीती अजून गेलेली नाही. मी घसा साफ करतो आणि मोठ्यानं हाक मारतो, "कोणी आहे का गा वर?"

उत्तर येत नाही. तरी मी थोडा वेळ थांबतो.